चुन्याच्या डबीवरची करणी

१३ फेब्रुवारी २०२५, गुरुवार, सकाळी ९ वाजून ४० मिनिटे. निपाणीबाहेर एका बंद तंबाखू वखारीच्या पटांगणात २१२ माणसे हात पुढे करून रांगेत उभी होती. चौरंगावर अमृतहस्त महाराज बसले होते. प्रत्येकाच्या तळहातावर ते पाण्यासारखे दिसणारे तीर्थ ओतत. काहींच्या हातावर ते पाणीच राही. काहींच्या हातावर क्षणात गुलालासारखे लाल होई.

“एल्लारू केळ्री! सगळे ऐका! लाल झालं त्याच्यावर करणी हाय. बाटली घरी न्या, निजताना प्या. पहाटंपतुर करणी आपोआप खाली पडंल. आन् एकवीस दिवस इंग्रजी औषध बंद! करणी त्या औषधालाच धरून बसती.”

करणी खाली पडली, याविषयी शंका नाही. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत माझ्या दुकानातून जुलाबावरच्या मीठ-साखरेच्या ६१ पुड्या गेल्या. एरवी चार जातात.

बेळगावच्या कॉलेजातून औषधनिर्माणशास्त्राची पदविका घेऊन मी १९८५ साली हे दुकान काढले. गावात काय चालले आहे, हे औषधवाल्याला त्याचे कपाट सांगते. त्या आठवड्यात जुलाबावरच्या पुड्यांचा कप्पा रिकामा झाला आणि रक्तदाबाच्या गोळ्यांचा कप्पा हललाच नाही.

सोमवारी तानीबाई आल्या. त्यांचे यजमान भीमाप्पा तंबाखू चाळण्याचे काम करतात. अकरा वर्षे त्यांच्या फिटच्या गोळ्या माझ्याकडूनच जातात.

“आण्णा, ह्या गोळ्या परत घ्या. त्येंच्या हातावर लालभडक झालतं. बंद केल्यात.”

“कधीपासून?”

“बेस्तरवारपासनं.”

“मागे दोन दिवस चुकल्या, तेव्हा काय झालं होतं?”

तेव्हा भीमाप्पा शिडीवरून पडले होते. डोक्याला नऊ टाके पडले होते. आता चार दिवस झाले होते.

“आठवतंय की, आण्णा. पण माझं न्हाय ऐकत. शपथ घेतलीया म्हणत्यात.”

“तुमच्या हातावर काय झालं?”

“काय न्हाय. माझं पाणी ते पाणीच.”

“तुम्ही तंबाखू मळता?”

“इश्श! मी मिश्री लावती. मळत्यात ते.”

त्यांच्याकडच्या बाटलीत उरलेले तीर्थ मी तपासले. मग भीमाप्पांच्या डॉक्टरांना फोन केला. “नेहमीची गोळी आजच सुरू करा,” ते म्हणाले. भीमाप्पा ऐकेनात. म्हणून मंगळवारी सकाळी आम्ही तिघे रांगेत उभे राहिलो. माझ्या सांगण्यावरून तानीबाईंनी डाव्या तळहाताला किंचित चुना लावला होता.

त्यांनी दोन्ही हात पुढे केले. महाराजांनी ओतले. उजवा कोरा, डावा लाल.

महाराजांनी दोन्ही तळहात पाहिले. “करणी डाव्या अंगाला हाय.”

“डाव्या अंगाला चुना हाय, महाराज.”

रांगेत कोणीतरी फिस्सकन हसले.

“देवाची चेष्टा करतीस?”

मी भीमाप्पांच्या खिशातली चुन्याची डबी उघडून घरच्या बाटलीतल्या तीर्थाचे चार थेंब टाकले. डबी लाल झाली.

“हिच्यावर कोणी करणी केली?” मी विचारले.

रांगेत मागून मष्णू नावाचे एक म्हातारे पुढे घुसले. “सरा रं, माझीबी बघूया!” त्यांचीही लाल. मग खिशाखिशांतून डब्या निघाल्या. “माझी तर नवी हाय, कालच आणलीया!” “मग नव्या डबीला नवी करणी!”

उलगडा साधा आहे. तीर्थात फिनॉल्फ्थॅलीन नावाचे रसायन होते. साध्या पाण्यात त्याला रंग नसतो. चुन्यासारखा आम्लारी पदार्थ मिळाला की ते लाल होते. कॉलेजच्या प्रयोगशाळेत आम्ही ते रोज वापरत असू. पूर्वी पोट साफ होण्यासाठीच्या जुलाबाच्या गोळ्यांतही ते असे, पुढे तो वापर थांबला. म्हणजे एकाच बाटलीत दोन चमत्कार. तंबाखू मळणाऱ्याच्या तळव्याला चुना असतोच. मिश्रीत तो नसतो, म्हणून निपाणीत बायकांवर करणी कमी.

भीमाप्पांनी स्वतःचा तळहात उलटून पाहिला. “म्हंजे तीस वरसं मी करणीच मळतोय व्हय?”

“मळा,” तानीबाई म्हणाल्या आणि कमरेची पिशवी सोडून त्यांनी गोळी काढली. “पण आधी ही गिळा.”

भीमाप्पांनी ती सगळ्यांसमोर गिळली. महाराज ध्यानासाठी आत गेले. दुपारी बाराला पाहिले, तेव्हा आत चौरंग तेवढा होता.

हातावर कोणी चमत्कार दाखवला, तर हाताला आधी काय लागले होते, हे विचारावे. हात साबणाने व भरपूर पाण्याने धुऊन, पुसून, पुन्हा ओतायला सांगावे. खरे असेल ते दुसऱ्यांदाही होईल. आणि चालू औषध डॉक्टरांना विचारल्याशिवाय एक दिवसही थांबवू नये.

त्या मंगळवारपासून नऊ महिने झाले. भीमाप्पांना आलेल्या फिट : शून्य.