विसाव्याचा दगड

“अगं, बुडला न्हवं तो!”

आईच्या हातातली टकळी निसटली आणि लोकरीचा धागा ओढत पलंगाखाली गेली. मी तिच्याकडं बघून परत वळेपर्यंत कॉम्प्युटरच्या पडद्यावरचा माणूस नदीत दिसेनासा झाला होता. पाण्यावर चार बुडबुडे आले, तेही विरले.

“आई, खेळ आहे हा. थांब, बघ आता.”

पडदा काळा झाला. मग अंधारात एक उभा दगड उजळू लागला. आधी खालचा थर, त्यावर कोरलेली गुरं आणि लढाई. मग मधला. मग वरचा, आणि अगदी माथ्यावरचे चंद्र-सूर्य. दगड पूर्ण उजळला तेव्हा तो माणूस त्याच्या शेजारी उभा होता. डोक्याला पटका, कमरेला तलवार. त्यानं छाती भरून श्वास घेतला आणि इकडंतिकडं बघितलं.

आई उठून जवळ आली. पडद्यावरच्या त्याच्या बंडीला तिनं बोट लावलं.

“वल्ला बी न्हाई झाला,” ती म्हणाली. “कपडे बराबर कोरडे हायत.”

तेव्हा कुठं माझ्या लक्षात आलं, मी तिच्यादेखत कुणाला पाण्यात नेलं होतं.

मागच्या भादव्यात आमच्या ओढ्याला एकाएकी पूर आला. गोरखनाथ, माझा धाकटा भाऊ, मेंढरं पल्याड काढत होता. सगळी निघाली. एक गाभण मेंढी मागं राहिली, तिच्यासाठी तो परत उतरला. सापडला तो दुसऱ्या दिवशी, खालच्या बंधाऱ्याला. आईला त्याचं तोंड दाखवलं नाही. बायांनी तिला चुलीपाशी धरून ठेवलं आणि बाप्यांनी तिकडंच सगळं उरकलं. तिच्या भल्यासाठीच केलं सगळ्यांनी. पण त्यामुळं झालं असं, की आईच्या लेखी तो मेंढरं घेऊन गेला, एवढंच घडलं होतं. पुढचं तिला लोकांनी सांगितलेलं होतं.

माझी छकुली झाली आणि माझे वडील, आबा, म्हणाले, “साखराबाईला तुझ्याकडं धाडतो. नातीत जीव रमंल.” म्हणून आई राजूरजवळच्या आमच्या वाडीतून जालन्याला आली. मी पुण्यातल्या एका कंपनीसाठी घरूनच काम करते. व्हिडिओ गेममधली गावं उभी करायची, हे माझं काम. छकुली झोळीत झोपली की माझं ऑफिस सुरू, ती रडली की बंद.

आमच्या खेळातलं राज्य जगात कुठंच नाही. पण निव्वळ कल्पनेतून एक भिंतही उभी राहत नाही, हे मला या कामानं शिकवलं. कुठलंतरी बघितलेलं लागतंच. मी राजाच्या वाटेवर अंबडच्या बारवेच्या पायऱ्या घातल्या. शेजारगावची पडकी गढी उचलून डोंगरावर ठेवली, तिच्या पांढऱ्या मातीचे ओघळसुद्धा सोडले नाहीत. आणि जिथं मेलेला वीर पुन्हा उठतो ती खूण हवी होती, तेव्हा आमच्या बांधावरचा वीरगळ दिला. कुणा जुन्या माणसानं गावची गुरं सोडवताना जीव दिला, त्याचा तो दगड. पुण्याच्या मंडळींनी त्याला ‘विसाव्याचा दगड’ नाव दिलं.

आईनं तो लगेच ओळखला. “हा तर आपल्या बांधावरला वीर! आन् शेंदूर कुठंय त्याचा? उघडाच ठिवला तुमी?”

मी त्याच दिवशी दगडाला शेंदूर लावला. आमचा हरिओम, म्हणजे पुण्याहून माझं काम तपासणारा, त्यानं विचारलं, “हे केशरी काय लावलंयस?” मी सांगितलं, तसंच असतं. त्यानं राहू दिलं.

त्यानंतर दुपारी छकुलीचा डोळा लागला की आई टकळी घेऊन माझ्यामागं येऊन बसायची. “लाव गं त्याला.”

मी लावायचे. तो दगडापाशी उभा राहायचा. मी पुढं न्यायला लागले की आई म्हणायची, “काहून न्हेती? ऱ्हाऊ दे उभा.”

“आई, पुढं राजवाडा आहे, खजिना आहे…”

“असंल. त्याला काय करायचाय खजिना? पुढं गेला की मरंल. इथं बरा हाय.”

हा खेळ ज्यांनी रचला त्यांच्यापैकी कुणाच्याही मनात आलं नसेल की कुणी तो असा खेळेल. खेळणारा थांबून राहिला तर वीर पुतळ्यासारखा दिसू नये म्हणून त्यांनी त्याला दोन-चार सवयी दिल्या होत्या. तो मान मोडायचा, तलवारीची मूठ पुसायचा, एक पाय सोडून दुसऱ्यावर भार टाकायचा. आईनं त्या सगळ्या पाठ केल्या. “आता बघ, मान मोडंल.” त्यानं मोडली की ती खुश व्हायची. मागं कुरणात चरणाऱ्या मेंढ्या मात्र तिला बिलकुल पसंत नव्हत्या. बाहेरून विकत घेतलेल्या, पांढऱ्याशुभ्र, गुबगुबीत. “ह्या मेंढ्या न्हाईत, कापसाची बोंडं हायत. वारं सुटलं तर उडून जातील.”

ती हसली होती. वर्षात पहिल्यांदा. मी खेळ पुढं तपासायचं काम बाजूला ठेवलं आणि वीराला तसाच उभा ठेवला. दुसऱ्या खिडकीत दुसरं काम करत राहिले.

मग एक दिवस कारभारी काका आले. बाजाराला जुन्या जालन्यात आले होते, तिथून पुतणीकडं. छकुलीला मांडीवर घेतलं, चहा बशीत ओतला, पडद्याकडं बघितलं.

“हे काय गं रेणू, पिच्चर बंद पडला का?”

“हळू बोला,” आई म्हणाली. “थकलाय तो.”

काकांनी माझ्याकडं बघितलं. मी खाली बघितलं.

“वहिनी,” काका म्हणाले, “राधेश्याम सोनाराचा फोनावर फोन येऊन राह्यला. टाक तयार होऊन पडलाय.”

टाक म्हणजे चांदीचा छोटा पत्रा, त्यावर ठशानं उठवलेली मूर्त. आमच्या देवघरात देवांचे टाक असतात, आणि घरातल्या गेलेल्या माणसांचेही. अकाली गेला तर वीराचा.

“पडू द्या,” आई म्हणाली.

“असं कसं पडू द्या? वर्स झालं. घट बसायला आलेत. सगळे देव उजळून झाले, त्याची एकट्याची जागा राह्यली.”

“टाक बसला की मंग तो देव झाला, भावजी. देवाला निवद दावतेत. देवाला ‘जेवाया ये रं’ म्हणून हाका न्हाई मारत कुणी.”

काकांनी बशी खाली ठेवली. त्यांचा आवाज उतरला. “आन् तवर तो कुठंय? म्हातारे काय सांगून गेलेत? टाक बसंस्तोवर गेलेला माणूस उंबऱ्याच्या भायेर उभा असतो. ना आत, ना वाटंला.”

“मंग राह्यला उभा,” आई म्हणाली. “दिसंल तरी.”

काका गेल्यावर तिनं टकळीला अशी गिरकी दिली की धागा तुटला.

नवरात्र अगदी तोंडावर आलं तेव्हाची गोष्ट. हरिओमनं खेळाचा नवा भाग पाठवला. त्यात आता पाऊस होता. ‘गल्लीत पाणी बरोबर वाहतंय का बघ’ असा निरोप. दुपार होती, बाहेर कडक ऊन. छकुली झोपली आणि आई येऊन बसली.

“लाव गं.”

दगड दिसला, आणि त्याच्यामागं काळं आभाळ. पाऊस सुरू झाला तो थांबेचना. दगडावरचा शेंदूर पाण्यानं चमकायला लागला. वीराच्या पटक्यातून धारा लागल्या. त्याला एक नवी सवय दिली होती. त्यानं दोन्ही हात काखेत घातले, खांदे वर ओढले आणि तो कुडकुडला.

आईची टकळी थांबली.

“आज वल्ला झाला गं.”

“पाऊस टाकलाय आई नवा. बंद करते.”

“बंद नको करू. आत घे त्याला. समोर येवढं गाव हाय की.”

मी त्याला दगडापासून हलवलं. महिनाभरात पहिल्यांदा तिनं त्याला चालू दिलं. तो चिखलातून गावात शिरला. पहिल्या घराच्या दाराशी नेलं. चौकट, कोयंडा, वर गणपती, सगळं मी मन लावून केलेलं. वीर दाराला जाऊन लागला आणि जागच्या जागी चालत राहिला.

“ढकल की.”

“उघडत नाही, आई.”

“पुढलं बघ.”

पुढलंही उघडलं नाही. त्याच्या पुढलंही. आई एकेक दार दाखवत गेली, मी एकेका दाराशी त्याला नेत गेले. पाऊस पडत होता. गल्ली संपली.

“येवढाल्या गावात येक दार उघडंना? मानसं न्हाईत का आत?”

“आतच नाही आई. नुसत्या पुढच्या भिंती आहेत. दारं रंगवलेली आहेत. मागं काही नाही.”

 पडद्यावर तो शेवटच्या दाराला तोंड लावून उभा होता आणि कुडकुडत होता.

“कुणी बांधलं गं असलं गाव?”

“मी,” मी म्हणाले.

तिनं माझ्या डोक्यावर हात ठेवला. रागानं नाही. मग मांडीवरची टकळी उचलली, उरलेली लोकर तिच्याभोवती गुंडाळली आणि पिशवीत घातली.

“सोनार कवर असतो दुकानात?”

छकुलीला उठवायला गेले त्याआधी मी हरिओमला फोन लावला. एक दार उघडू दे म्हणाले, एकच.

“रेणू, दार उघडलं की आत काहीतरी द्यावं लागतं,” तो समजुतीनं म्हणाला. “खजिना ठेव, नाहीतर राक्षस. रिकामी खोली दिली की खेळणारा चिडतो.”

“घोंगडी अंथरलेली असेल.”

“बरं. मग तो आत जाऊन करणार काय?”

“बसेल.”

तो हसला. वाईट मनाचा नाही तो. त्या गावाची दारं अजून बंदच आहेत.

जुन्या जालन्यातल्या त्या बोळात रिक्षा जात नाही. आई छकुलीला कडेवर घेऊन माझ्यापुढं चालत होती, जल्दी जल्दी, जणू दुकान आत्ता बंद होणार आहे. राधेश्याम सोनारानं गुलाबी कागदाची पुडी सोडली आणि टाक तिच्या तळहातावर ठेवला. विड्याच्या पानाएवढाही नव्हता. घोड्यावर बसलेला माणूस, हातात तलवार.

आईनं तो उजेडाकडं धरला. “यात तोंड कुठंय?”

सोनारानं करंगळीच्या नखानं दाखवलं. तिळाएवढा उंचवटा. आईनं त्यावर अंगठा ठेवला आणि ठेवूनच राहिली.

“आन् घोडा कशापायी? माझं पोरगं मेंढरामागं पायी चालायचं.”

“मावशी, वीराचा ठसाच तसा असतो. बापजाद्यापासून.” मग तिच्या चेहऱ्याकडं बघून तो म्हणाला, “नको असंल तर दुसरा करून देतो, बिनाघोड्याचा.”

आई विचारात पडली.

“न्हाई,” ती म्हणाली. “लई चाललाय तो. बसू द्या घोड्यावर.”

तिनं टाक पदराच्या टोकात बांधला आणि ते टोक वाडीला पोचेपर्यंत मुठीतून सोडलं नाही.

घट बसायच्या आदल्या दिवशी सकाळी आम्ही घरी पोचलो. अंगण सारवलेलं होतं. आबा दाराशी बसलेले, कारभारी काका भंडाऱ्याची वाटी घेऊन उभे. सगळे आत जायला निघाले तशी आईनं मला हातानं अडवलं. पदराची गाठ सोडून टाक माझ्या तळहातावर दिला.

“तू हितं थांब. उंबऱ्याच्या भायेर.”

“वहिनी, तसं काय नसतं,” काका म्हणाले. “सरळ देवघरात न्यायचा.”

“तुमचं तुमी करा मागून. आधी मला करू द्या.”

ती आत गेली. भाकरीचा तुकडा आणि पाण्याचा तांब्या घेऊन आली. लांबचा प्रवास करून आलेल्या माणसावरून ओवाळतात तसा तुकडा तिनं माझ्या हातावरून ओवाळला आणि अंगणात टाकला. थोडं पाणी टाकावर सोडलं. ते माझ्या बोटांतून खाली गळत राहिलं. मग पदरानं तिनं टाक पुसला. आधी तो तिळाएवढा उंचवटा, मग बाकीचं. लहान मुलाचं डोकं पुसतात तसं, घासून.

“ये,” ती म्हणाली. “कवाचा उभा हायेस. आत ये.”

आबांनी तोंड फिरवलं. मी उंबरा ओलांडला.

देवघरात लाल कापडावर टाक ओळीनं मांडलेले होते. आधी खंडोबा, मग बाकीचे देव. त्यानंतर आबांच्या आज्याचा, मग त्यांच्या वडलांचा आणि आईचा, शेजारी शेजारी. काकांनी तिथं बोट ठेवलं. “हितं. म्हातारीच्या जवळ.”

आई खाली बसली. तिनं टाक ठेवला, पण जवळ नाही. सासूच्या टाकापासून दूर सरकवून ओळीच्या अगदी शेवटी नेला. मधली मोकळी जागा बोटं ठेवून मोजली, थोडी वाढवली.

“वहिनी, येवढी फट कशाला? खेटून ठिवा.”

“ऱ्हाऊ द्या,” आई म्हणाली. “ती आमची दोघांची. तो मधीच पुढं निघून आला म्हणून काय झालं? जागा जिथली तिथं पायजे.”

 आबांनी डोक्यावरचा पटका काढला आणि मांडीवर घेतला. माझ्या खांद्यावर छकुली जागी झाली आणि त्या चकाकत्या चांदीकडं बघत राहिली.

काकांनी भंडारा उधळला. तो देवांवर पडला, म्हाताऱ्यांवर पडला, घोड्यावर बसलेल्या गोरखवर पडला, आणि मधल्या त्या मोकळ्या लाल कापडावरही.