वासंतीच्या टोमॅटोचं बी

गाझियाबादच्या त्यांच्या सोसायटीबाहेर ऑम्लेटची गाडी लागते. भालचंद्रराव अंड्यांच्या टरफलांसाठी पिशवी घेऊन तिथे उभे राहिले की गाडीवाला हल्ली काही विचारत नाही. पहिल्या दिवशी मात्र त्याने विचारलं होतं, "अंकल, छिलकों का क्या करोगे?" केंद्र सरकारातून अधिकारी म्हणून निवृत्त झालेल्या माणसाला एवढ्याशा प्रश्नाने घाम फुटला. "टमाटर के लिए," असं पुटपुटून ते तिथून सटकले.

ही लाज काही नवी नव्हती. दिल्लीत आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहत असतानाही हे काम त्यांच्याच गळ्यात होतं. त्यांच्या बायकोने, वासंतीने, लग्नानंतर वाईहून, माहेराहून, टोमॅटोचं बी आणलं होतं. चपटा, पातळ सालीचा, आंबटगोड टोमॅटो. दर हिवाळ्यात ती तो कुंड्यांत लावायची, सगळ्यात चांगलं फळ बियांसाठी राखायची आणि झाडाला अंड्याची टरफलं लागतात म्हणून नवऱ्याला कामाला जुंपायची. घरात अंडं शिजायचं ते रविवारी, बाल्कनीतल्या वेगळ्या स्टोव्हवर, वेगळ्या तव्यात, आणि खाणारे एकटे भालचंद्रराव. तेवढ्या टरफलांनी काय भागणार? मग ऑफिसच्या कॅन्टीनमधून पिशवी भरून आणायची. एकदा बसमध्ये त्यांनी ब्रीफकेस उघडली तर फायलींवर टरफलांचा चुरा. शेजारचा प्रवासी म्हणाला, "बाबूजी, अंडों से चूज़े निकल गए क्या?" घरी येऊन ते वासंतीवर उखडले, "माझ्यापेक्षा त्या टोमॅटोची काळजी तुला जास्त!" ती नुसती हसली. पुढे आयुष्यभर ते तिला हेच ऐकवत आले.

गेल्या पावसाळ्यात वासंती गेली. मागे बियांची पुडी राहिली. शहाण्या माणसाने थोडं बी बाजूला ठेवलं असतं. भालचंद्ररावांनी दुःखाच्या भरात अख्खी पुडी कुंड्यांमध्ये रिकामी केली. पाण्याचंही तेच. आठवण झाली की बादलीभर ओतायचं, नाही तर माती ठणठणीत कोरडी. रोपं कुजली, काही थंडीने गेली, जगलं ते एकच. त्याला फळं धरली खरी, पण एकेक फळ बुडाशी काळं पडून सडायला लागलं. होळी तोंडावर आली होती. एकदा उन्हाचा तडाखा सुरू झाला की इकडे टोमॅटोला फळ धरत नाही. या झाडाचं बी मिळालं नाही, तर वासंतीचा टोमॅटो कायमचा संपला.

म्हणून ही पिशवी. आणलेली टरफलं ते हातानेच चुरडून कुंडीत टाकत. फळं सडायची थांबेनात, वर कावळे जमायला लागले. शेवटी कावळ्यांच्या कलकलाटाने त्यांची सून देविका बाल्कनीत आली.

"बाबा, छिलके असे नाही टाकायचे! आई ते धुऊन उकळायच्या, वाळवायच्या, मिक्सरमध्ये पीठ करायच्या. आणि पाणी रोज, थोडं थोडं. नाही तर कॅल्शियम झाडात चढतच नाही, यार." सासऱ्यांना आपण यार म्हटलं हे लक्षात येऊन तिने जीभ चावली.

"तुला हे कुणी शिकवलं?"

"आईंनीच. तुम्ही वॉकला गेलात की आम्ही दोघी करायचो."

"मी घरात असताना का नाही?"

देविका घुटमळली. "दोन डबे असायचे ना, बाबा. जाडसर पिठाचा असायचा तो टोमॅटोचा. आणि मैद्यासारखा बारीक तो तुमचा."

"माझा?"

"तुमचं मनगट मोडलं तेव्हा डॉक्टरांनी कॅल्शियमच्या गोळ्या दिल्या होत्या. तुम्ही त्या गुपचूप फेकून द्यायचात. मग आई डॉक्टरांना विचारून आल्या आणि तुमच्या कणकेत टरफलांचं चिमूटभर पीठ घालायला लागल्या. फक्त तुमच्या."

भालचंद्ररावांना त्या पोळ्या आठवल्या. दाताखाली कच लागते म्हणून त्यांनी केवढा तमाशा केला होता! चक्कीवाल्याशी भांडले, चक्की बदलली, नवा चक्कीवालाही चोर ठरवला. वासंती खाली मान घालून पोळ्या लाटत राहायची. अंड्याच्या वासाने नाक मुरडणारी, स्वयंपाकघरात अंडं येऊ न देणारी ती बाई त्यांच्या हाडांसाठी टरफलं वस्त्रगाळ करत होती, आणि हे गृहस्थ तिला टोमॅटोवरून टोमणे मारत होते.

"थोडं उरलंय अजून," देविका म्हणाली. "आईंच्या हातचं म्हणून ठेवलं मी. तुमच्या कणकेत घालू?"

तिने डबा आणून दिला. त्यांनी ते पांढरं पीठ बोटांत चोळून पाहिलं. डबा कपाटात जपून ठेवावा असं त्यांना फार वाटलं.

"झाडाला हे लवकर लागू पडेल असं काही करता येईल?"

"व्हिनेगरमध्ये विरघळवायचं आणि भरपूर पाणी घालून द्यायचं. पण बाबा, हे आईंचं शेवटचं..."

"मग काय पूजा करू त्याची? बी गेलं तर तिचं काय उरणार आहे?" डबा त्यांनी स्वतःच्या हाताने रिकामा केला.

त्या दिवसापासून पाणीही न चुकता रोज. आधीची फळं गेलीच. पण वरच्या फांदीवर नव्याने धरलेलं एक फळ बुडापासून स्वच्छ राहिलं आणि हळूहळू लाल झालं. टरफलांमुळे की वेळेवरच्या पाण्यामुळे, ते झाडच जाणे. भालचंद्ररावांनी ते कापलं, बिया धुऊन ताटलीत पसरल्या आणि तिथेच खुर्चीत बसून लहान मुलासारखे रडले. "मला तिची फार आठवण येते गं," ते देविकाला म्हणाले. हे त्यांनी घरात कुणाजवळ पहिल्यांदाच बोलून दाखवलं.

बिया वाळल्यावर अर्ध्या त्यांनी तिच्या हातात दिल्या. "या तुझ्याकडे राहू देत. माझा भरवसा नाही, मी परत सगळ्या पेरून मोकळा होईन."

पुढच्या रविवारी देविका ऑफिसच्या कामासाठी निघाली तेव्हा भालचंद्रराव बाल्कनीत जमिनीवर फतकल मारून बसले होते. समोर उकळून वाळवलेली टरफलं, मिक्सरचं भांडं आणि मांडीवर ताणून धरलेलं मलमलीचं फडकं. मिशा पांढऱ्याच होत्या, आता पिठाने भुवयाही झाल्या होत्या.

"एवढं बारीक कशाला, बाबा? तुम्ही आता गोळ्या घेता ना?"

"मी घेतो गं. हे तुझ्यासाठी. डॉक्टरांना विचारून आलोय." त्यांनी मान वर केली नाही. "दिवसभर धावत असतेस, आणि तुझ्या हाडांकडे बघायला आता सासू नाही घरात."

देविकाने बॅग खाली ठेवली आणि त्यांच्या शेजारी फरशीवर बसून मलमलीचं दुसरं टोक धरलं.