भीमाचा तपास

सहादेव मास्तरांनी आपला बाप कधी पाहिला नव्हता. अठरा सालच्या दुष्काळात भीमा भंडारदऱ्याच्या धरणावर मजुरीला गेला, तेव्हा मास्तर आईच्या पोटात होते. सोबत चुलतभाऊ पुंजाराम होता. तो एकटाच परत आला. "भीमा मुंबईकडं निघून गेला," एवढंच सांगून त्यानं खाली मान घातली.

पुढं गावगप्पांनी त्या मुंबईत त्याच्याजवळ एक बाईही नेऊन बसवली. मास्तरांच्या आईला, बनुबाईला, ते खरं वाटलं. कपाळभर कुंकू लावायचं आणि नवऱ्याला शिव्या घालायच्या, यात तिचं अख्खं वय सरलं. पितरपाटात मास्तरांनी बापाचा विषय काढला की ती उसळायची, "जित्या मान्साचं पितर घालत्यात व्हय? बसला आसंल कुठंतरी खात!"

त्र्याहत्तर साली जमीन नावावर करायला तलाठ्यानं भीमाच्या मृत्यूचा पुरावा मागितला. मास्तरांकडं काय असणार? बाप शेवटचा दिसला तिथूनच शोध घ्यावा म्हणून ते बेलापूरहून एसटीनं धरणाच्या तालुक्याला, अकोल्याला गेले. धरणावरच्या मजुरांचे हजेरीपट कुठंच राहिले नव्हते. कारकून म्हणाला, "मास्तर, त्या बाजूच्या गावांची जन्ममृत्यूची जुनी बुकं आहेत. पण मोडीत."

मोडी मास्तरांना येत होती. बाप मुंबईला गेला, त्याचं नाव या बुकात नसणारच, असं मनात धरून ते पानं उलटत बसले. अठरा सालच्या कार्तिकाच्या पानावर बोट थांबलं. भीमा वल्द कानिफनाथ, मजूर, राहणार बेलापूरकडील. वय बावीस. ताप. खबर देणार चुलतभाऊ पुंजाराम.

"मानमोडीची साथ होती त्या साली," कारकून म्हणाला. "पटापटा माणसं गेली."

मास्तरांनी खबर देणाऱ्याच्या नावावर पुन्हा बोट ठेवलं. पुंजारामकाका जाऊन सहा वर्षं झाली होती. आपलं रान मागं ठेवून तो आधी यांचं नांगरायचा. लहानग्या सहादेवाला खांद्यावर बसवून शाळेत त्यानंच नेलं होतं. त्याच्यावर रागवावं म्हटलं तरी मास्तरांना धड रागावता येईना.

घरी येऊन त्यांनी आईला एका दमात सगळं सांगितलं. बनुबाई शेंगा फोडत होती. तिचे हात थांबले.

"पुंजाभावजींनी नोंद केली?"

"व्हय."

"मी पोटुशी हुते. सांगायची छाती झाली नसंल." मग थोड्या वेळानं, "पर नंतर तरी..." एवढं बोलून तिनं सूप बाजूला सारलं. "मला तितं ने."

दोन गाड्या बदलून मायलेक भंडारदऱ्याला पोचले. मजुरांचा तळ कुठं होता, साथीतली माणसं कुठं जाळली, हे मास्तरांनी एका म्हाताऱ्या गुराख्याला विचारलं. त्यानं पाण्याकडं हात केला. धरण भरलं तेव्हा ती सगळी जागा आत गेली होती.

बनुबाई मास्तरांचा हात धरून काठावर उतरली. ओंजळीनं पाणी घेऊन तिनं कपाळ धुतलं, पदरानं पुसलं. ते कोरं कपाळ मास्तर पहिल्यांदा पाहत होते. ती पाण्याशी बोलली, "लई बोलले रं मी तुला. तू हितं पडलेला, आन् मी..." पुढं तिला रडू आवरेना. मास्तर मागं उभे राहिले. बापासाठी रडावं तर त्यांच्यापाशी त्याचा चेहराही नव्हता. ते आईकडं पाहून रडले.

परतीच्या गाडीत ती खिडकीशी बसली. संगमनेर मागं पडलं तेव्हा ती म्हणाली, "तू दोन वर्सांचा आसताना पुणतांब्याचा एक मानूस आला हुता. बाईल मेलेला. पाट लावतो म्हनला, पोरासकट नेतो म्हनला."

मास्तरांनी हे कधीच ऐकलं नव्हतं. "मग?"

"चांगला हुता. तू त्याच्या मांडीवरून उठंना. म्या म्हनलं, माझा दादला जिता हाय." ती पुन्हा बाहेर पाहू लागली. "तवा मी वीस वर्सांची हुते, सहादू."

मास्तरांनी तिचा हात हातात घेतला. गाव येईपर्यंत तो सोडला नाही.