आखरावरचा टावर

सरपंचाच्या दारात सकाळी सकाळी साठ-सत्तर ढोरं उभी होती, आन् गावची ढोरं राखणारा चुन्नीलाल गायकी समोरच्या नालीच्या काठावर बसून तंबाखू घोटून राहिला होता. सरपंचाची बायको अंजू हातात खराटा घेऊन कधी या म्हशीमागं, कधी त्या बैलामागं धावत होती. तिच्या नव्या टाइल्सच्या ओट्यावर एका म्हशीनं आपलं काम उरकलं होतं, आन् तुळशीजवळची झेंडूची झाडं माझ्याच लाल गाईनं फस्त केली होती. मी पदर तोंडाले लावून उभी. हसू दाबता दाबता पोट दुखाले लागलं.

“चुन्नीभाऊ, ने न् गा ही ढोरं,” अंजू म्हणे.

“मी कायले नेऊ?” चुन्नीलालनं चिमटी ओठात सारली. “गायकी आखरावून ढोरं नेते आन् सांजच्याले आखरावर आणून सोडते. सरपंचाच्या दारातून नेयाचं माझं बोलणं झालं नाही.”

“मंग आखरावर हाक त्यायले.”

“आखर आता टावरचा हाये. तुह्याच मालकानं देला.”

आता तुम्ही आमच्या पिपरटोल्याचे नाही, म्हणून आखर सांगतलाच पायजे. गावाबाहेर, सरपंचाच्या घरापासून हाकेच्या अंतरावर, एक मोकळी जागा हाये. सकाळी दावं सोडलं की घराघरातलं ढोर आपल्या पायानं तठी जाते, उभं राहते. सारी जमली की गायकी त्यायले रानात नेते. एवढीच गोष्ट. पण धान उभा असताना हीच गोष्ट गाव सांभाळते. बांधीबांधीत हिरवा धान, मधी बोटभर धुऱ्याचा बांध, आन् मोकाट ढोर म्हणजे काय, तुम्हीच समजून घ्या. आखराची जमीन खरडी, पाणी धरत नाही. झड लागली तरी ढोराचे खूर कोरडे राहतात. ही गोष्ट जुन्या लोकायले कळली होती, आन् तीच टावरवाल्या इंजिनियरलेही कळली. तिथंच सारा घोळ झाला.

टावर आम्हाले पायजेच होता, ते खोटं कशाले बोलू? बाळंतिणीसाठी गाडी बोलवायची तं फोन घेऊन बोडीच्या तळ्याच्या पारीवर चढून हात वर करा लागे. केशोरीच्या बाजाराले गेलं की फोन वाजे, गावात आलं की मुका. म्हणून सरपंच देवानंदनं खटपट केली, ग्रामसभा बोलावली. पहिली जागा निघाली शाळेमागं. शाळेच्या अंगाले टावर लावता येत नाही, असा नियम हाये म्हणे. दुसरी निघाली वस्तीत. घराले खेटून चालत नाही, म्हणे. तिसरी जंगलखात्याची, तिचं तं नावच घेऊ नका. मग देवानंदनं एक गट नंबर वाचला. सरकारी जागा, रिकामी, टणक, घरापासून दूर. कोणाची हरकत?

गट नंबरानं आखर कोण ओळखते? बापजन्मात कोणी “गट नंबरावर ढोरं सोड” म्हणलं नाही. साऱ्यायनं हात वर केले. म्याबी केला. चुन्नीलालनं तं दोन्ही केले. देवानंदलेबी ठाऊक नव्हतं, हे मी देवाच्या साक्षीनं सांगते. तो माणूस मोठेपणाचा भुकेला हाये, पण लबाड नाही.

तार ओढली तेव्हा डोळे उघडले. पहिल्या दिवशी ढोरं आखरावर गेली, ताराले नाक लावून हुंगलं, आन् फाकली. जमुनाबाईचा निसवायले आलेला धान दुपारपर्यंत सपाट. बिचारी धुऱ्यावर बसून रडली. त्या रात्री दोन घरी ढोरं विकायची बोली निघाली, कारण बांधून ठेवाव तं तणस कोठून आणाव? चुन्नीलाल माझ्या ओट्यावर येऊन बसला, पण तंबाखू काढला नाही.

“नंदाबाई,” तो म्हणे, “आखर गेला तं गायकी गेली. माह्या आज्यानं, बापानं ढोरंच हाकली. मले दुसरं काय येते?”

मले त्याच्याकडं पाहावलं नाही. शेजारी आहो आम्ही, त्याच्या लग्नात मी हळद दळली हाये.

दुसऱ्या दिवशी ढोरायनंच तोड काढली. ताराजवळची दुसरी मोकळी जागा कोणती? सरपंचाचं अंगण. गेली तठी. मुकी बिचारी कुणीही हाका म्हणतात, पण हाकणारा नालीवर बसला असला तं मुकीबी सरपंचाले भारी पडतात.

तेवढ्यात देवानंद अंगावर टॉवेल घेऊन बाहेर आला. “चुन्नीलाल, तुनंबी हात वर केला होता ना?”

“केला होता.”

“मंग आता काऊन अडून राहिला? वरातीमागून घोडं आणतेस का?”

“हात म्या टावरले वर केला. आखराले नाही.”

गावातले लोक गोळा झाले. बायका डोईवर घागरी घेऊन थांबल्या. अशा तमाशाले कोण सोडते? आन् त्याच गर्दीत गोंदियाहून इंजिनियरची गाडी आली. हिमांशू नावाचं पोरगंच होतं, डोक्यावर पिवळी टोपी. गाडीपुढं बैल आडवा, मागं म्हैस. काच खाली करून म्हणे, “ये सब क्या है? हटाओ भाई, सामान आ रहा है।”

“साहेब,” मीच पुढं झाली, “कागदावर रिकामी जागा कोणी लिहिली?”

“मैंने। दो बार आके देखा, दोनों बार खाली थी।”

“कव्हा आला होतास?”

“दोपहर को।”

साऱ्या गावाले हसू फुटलं. दुपारी आखरावर कावळाबी राहत नाही. चुन्नीलाल मात्र हसला नाही. “रातच्याले केशोरीचा बाजारबी खालीच राहते,” तो म्हणे. “मंग तठी टावर लावतोस का?”

पोरगं टोपी काढून डोकं खाजवाले लागलं. वाईट नव्हतं पोरगं. म्हणे, जगह बदल सकते हैं, पर नियम में बैठनी चाहिए। शाळा नको, घर नको, जंगल नको, आन् जमीन अशीच टणक पायजे. सारे एकमेकाच्या तोंडाकडं पाहाले लागले. अशी जागा गावात एकच होती, आन् ती साऱ्यायले माहीत होती. देवानंदची स्वतःची, रस्त्यापलीकडची टेकरी. तठी कुसळाशिवाय काही उगवत नाही. पण नाव कोण काढणार?

“तठी मी मंगल कार्यालय बांधणार हाव,” देवानंद कोणी न विचारताच म्हणे.

तेवढ्यात माझ्या लाल गाईनं ओट्यावर चढून अंजूच्या दोरीवरचं लुगडं तोंडात धरलं. नवं होतं, पोळ्याले घेतलेलं. अंजूनं खराटा खाली टाकला.

“साहेब, टेकरीवर लावा,” ती म्हणे. “माह्या दोन पोरीयचं लगन होऊन जाईन, तरी ह्यायचं मंगल कार्यालय कागदावरच राहीन. आन् तुम्ही,” ती नवऱ्याकडं वळली, “आजच सभा घ्या. उद्या माह्या दारात एक जरी शेपूट दिसली तं मी माहेरी चालली.”

देवानंदचं तोंड पाहण्यासारखं झालं. पण सभा झाली, आन् यावेळी गट नंबर वाचल्यावर आम्ही विचारलं, “म्हंजे कोठी?” टेकरी म्हणल्यावरच हात वर गेले. हिमांशूच्या माणसायनं सांजच्याले तार काढली. दुसऱ्या सकाळी ढोरं आखरावर उभी राहिली, जसं काही झालंच नव्हतं, आन् चुन्नीलालनं काठी आपटून “हुर्रे” केलं. म्या डोळे पुसले. का म्हणून विचारू नका.

दिवाळीनंतर मंडईच्या जत्रेच्या आगंमागं टावर सुरू झाला. घराघरात फोन खणाणले. गावानं मिळून चुन्नीलाललेबी एक फोन घेऊन देला. आमच्याकडं वाघाचं भेव हाये, रानात माणूस एकटा, कधी काही झालं तं. चुन्नीलाल फोन छातीशी धरून गावभर फिरला.

पण बायका काही कमी नाहीत. “चुन्नीभाऊ, माही कपिला पाणी पेली का?” “माह्या गोऱ्याचा पाय कसा हाये?” जमुनाबाई तं तिची म्हैस रवंथ करून राहिली का, तेबी विचारे. मीबी दिवसातून दोन वेळा लावे, खोटं नाही बोलत.

एक दिवस फोन नुसता वाजतच राहिला. सांज होईपर्यंत मी आखरावर येरझारा घालत होती. दिवस बुडताना धूळ उडाली, ढोरं आली, पुढं माही लाल गाय. तिच्या गळ्यात घंटीच्या जागी फोन बांधला होता.

“चुन्नीभाऊ, काय गा हा बह्याडपणा?”

“ज्याले आपल्या ढोराची खबर पायजे, त्यानं ढोरालेच विचारावं,” तो म्हणे. “घंटी वाजली म्हंजे गाय हाये, वाघानं नेली नाही. तुले आणखी काय पायजे?”

तेव्हापासून मी दुपारी एकदा फोन लावते, घंटी ऐकते, आन् ठेवून देते.