कायम मोफत

आबिड्सजवळच्या मराठी वाचनालयातल्या चार संगणकांवर कोणती ऑपरेटिंग सिस्टिम घालायची, हे सहा वर्षांपूर्वी कार्यवाह प्रतापरावांनी ठरवलं. ती ओपन सोर्स, म्हणजे कोड सगळ्यांना खुला असलेली होती, फुकट होती आणि पाठीशी दांडगी कंपनी होती. ‘कायम मोफत’ हे कंपनीचं वचन त्यांनी छापून, फ्रेम करून दिवंगत देणगीदारांच्या फोटोंच्या रांगेत लावलं. दसऱ्याला सगळ्यांबरोबर त्यालाही हार पडे.

तेव्हा सगळ्या संगणकांची देखभाल करणारा अरविंद म्हणाला होता, "काका, स्वयंसेवक चालवतात ती घेऊ. तिला मालकच नाही."

"म्हणजे बेवारशी!" प्रतापराव भरसभेत म्हणाले. सभा खदखदून हसली. अरविंद त्यानंतर वाचनालयात फिरकलाच नाही.

आज कंपनीचं पत्र आलं. कोड खुलाच राहील, पण सुरक्षेच्या दुरुस्त्या यापुढे फक्त वर्गणीदारांना मिळतील.

ग्रंथपाल सुलभाताईंनी चष्मा पुसला. "प्रतापराव, आपण ती फ्रेम योग्य रांगेत लावली होती हं."

प्रतापरावांनी निमूट मलकपेठेत अरविंदला फोन लावला. "चुकलं रे माझं. तुझी ती बेवारशी आहे का अजून?"

"मजेत आहे, काका. पेनड्राइव्ह पाठवतो. कशी बसवायची ते फोनवर सांगेन."

"तूच ये ना. चहा घेऊ."

"नक्को, काका. तिथली सवय मोडली आता."

प्रतापराव नुसतं "बरं" म्हणाले. इतका आखूड शब्द त्या सभेत मात्र त्यांना सुचला नव्हता.