कपाळावरची काळी पट्टी

मी कॅमेरा बोलतोय. या घडीला मी चालू आहे की बंद, ते मात्र विचारू नका. माझ्या आयुष्याचा सगळा घोळ तिथेच आहे.

इंद्रजीतने मला संभाजीनगरच्या दुकानातून घरी आणलं, तेव्हा माझ्या कपाळावर लाल दिवा होता. पण तो पेटला की माणसं ताठ बसतात, म्हणून या गड्याने त्यावर काळी पट्टी डकवली. चहापाणी चालू असतानाच तो हळूच बटण दाबायचा आणि मग माझ्या पडद्याकडे न बघता समोरच्याच्या डोळ्यांत बघत बसायचा. आजवर त्याने लोकांची लग्नं आणि दुसऱ्यांचे माहितीपट टिपले. स्वतःचा हा पहिलाच.

तो होता मंजुळाबाईंवर. खुलताबादच्या माळावर त्या मेंढ्या राखायच्या आणि एकेकीला नावाने हाक मारायच्या. ती हाक ऐकून मेंढी कुठूनही पळत येते म्हणे! पण त्यांच्या घशात गाठ निघाली. दुसऱ्या दिवशी ऑपरेशन होतं, आणि आवाज जाणार हे डॉक्टरांनी सांगूनच टाकलं होतं. हाक टिपायची तर आजच.

इंद्रजीतने सवयीने चहालाच बटण दाबलं आणि गडबडीत विसरला. मंजुळाबाई हाका मारायला उठल्या तेव्हा त्याने पुन्हा दाबलं. झालं, मी झोपलो! हाका संपल्यावर ‘बंद’ करून त्याने मला खांद्याला उलटं लटकवलं, तेव्हा मी जागा. खाली आभाळ, वर मेंढ्या! मला काही कळेना.

घरी येऊन पाहिलं, तर हाकांचा पत्ता नाही. इंद्रजीत डोकं धरून बसला. त्याची बायको मोनिका म्हणाली, “आहो, पुढं काय हाय ते तर बघा.”

पुढे उलटा फुफाटा, उलट्या चपला. आणि पाठीमागून मंजुळाबाईंचा लांबवलेला आवाज, “इंद्रजीऽऽत! आरं, उपाशी नको जाऊ रं लेकरा, दोन घास खाऊन जाय!”

“हीच! मेंढ्यांना अशीच हाक मारते माय,” इंद्रजीत म्हणाला आणि रडायला लागला. मग हसला. माझा गोंधळ आणखीच वाढला. मी नीट टिपलेलं कितीतरी त्याने टाकून दिलं, आणि हे उलटंपालटं माहितीपटाच्या शेवटी लावलं!

महिन्याभराने मंजुळाबाईंच्या अंगणात चादर बांधून तो माहितीपट दाखवला. गळ्याला रुमाल बांधून त्या बघत होत्या. हाक आली तशा मेंढवाड्यातल्या मेंढ्या ओरडू लागल्या. मंजुळाबाईंनी इंद्रजीतकडे वळून हाताची पाची बोटं तोंडाशी नेली, जेवलास का?

आता मी कपाटात असतो. पट्टी काढा असंही माझं म्हणणं नाही. एवढंच सांगा, मी झोपलो होतो तेव्हा मंजुळाबाईंनी कुठल्या कुठल्या मेंढीला बोलावलं? मी ती नावं ऐकलेलीच नाहीत हो.