फादरांनी वाचून दाखवलेलं परीक्षण

आजारी माणसांना घरी जाऊन कम्युनियन, म्हणजे चर्चमधला पवित्र प्रसाद, द्यायचं काम त्या आठवड्यात फादरांकडे होतं. एरवी ते कॉलेजात लॅटिन आणि ग्रीक शिकवत आणि विद्वानांच्या एका त्रैमासिकात परीक्षणं लिहीत. परीक्षणं लॅटिनमध्येच असत, आणि बोचरी.

तिसऱ्या मजल्यावर दार शाळामास्तरांनी उघडलं. ते फादरांचे जुने विद्यार्थी. शाळा सांभाळून त्यांनी एका रोमन कवीची संहिता संपादित केली होती. ताज्या अंकात फादरांनी तिच्याबद्दल लिहिलं होतं, ‘संपादकाला लॅटिन येत असेल, तर त्याने ते मोठ्या शिताफीने लपवले आहे.’ कॉलेजच्या स्टाफरूममध्ये या वाक्यावर हशा पिकला होता.

“या फादर,” म्हणून मास्तर बाजूला झाले.

खाटेवरच्या त्यांच्या आईनं कम्युनियन घेतलं, थोडा वेळ डोळे मिटले आणि मग उशीखालून तोच अंक काढला.

“आमच्या बाळ्यावर दोन पानं लिहिलीत म्हणे! हा मेला सांगतच नाही काय लिहिलंय ते. पन्नाशीचा घोडा झाला, तरी लाजतो. तुम्हीच वाचा. गर्व करू नये, कळतं मला, पण आजच्या दिवस करू द्या.”

“आई, त्यांना अजून बाकीची घरं करायचीत.”

“तू गप रे.”

मास्तर खिडकीकडे तोंड करून उभे राहिले. फादरांनी पान उघडलं आणि आपल्याच ओळींवरून बोट फिरवत ते वाचल्यासारखं बोलू लागले. “संपादकाने अतिशय निष्ठेने काम केले आहे. जिथे अर्थ लागला नाही, तिथे तसे कबूल केले आहे.”

हे खरंच होतं. परीक्षणात मात्र त्यातलं काहीच नव्हतं.

“आणि शेवटी?”

“शेवटी... ‘असा विद्यार्थी लाभला, हे त्याच्या शिक्षकाचे भाग्य.’”

म्हातारीचे डोळे भरून आले. “तेवढं पुन्हा एकदा वाचा ना.”

फादरांनी खाली पाहिलं. पानावर शिताफीचं वाक्य होतं. आत्ता आपण काय बोललो, ते त्यांना काही केल्या आठवेना. बोट तिथंच थांबलं.

“‘असा विद्यार्थी लाभला, हे त्याच्या शिक्षकाचे भाग्य,’” खिडकीकडे तोंड ठेवूनच मास्तर म्हणाले.

फादरांना मान वर करवेना.

“बघा, बघा लबाड!” म्हातारी हसत सुटली. “पाठ करून बसलाय!”